तीन बाजारांची अंडी

बाबा गेल्यावर वर्षभर आईनं एका वाक्यावर घर धरून ठेवलं होतं. गडचांदूरहून दादाचा फोन आला की तो म्हणायचा, इकडे ये, एकटी कशाला राहतेस. आई म्हणायची, "मी आली तं कोंबड्या कोण पाहीन?" दादा सिमेंटच्या कारखान्यात आहे, क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत कपडे वाळत घालण्यापुरती जागा. तिथे कोंबड्या नेता येत नाहीत आणि कोंबड्या सोडून आई येत नाही, म्हणजे विषय संपला. आठ-पंधरा दिवसांनी तो पुन्हा सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा.

मी ब्रह्मपुरीला राहते. एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती बी.एस्सी.ची आहे, प्राणिशास्त्र घेऊन. हे मी सांगते तेव्हा माझा आवाज थोडा वर जातो, असं माझ्या मैत्रिणी म्हणतात. जाऊ दे गेला तर. आई निंदायला जायची आणि मी बसनं कॉलेजला जायचे, तेव्हा फुकट नाही मिळालं ते. माझ्या खोलीत तिला दोनदा आणलं होतं. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी गेली. म्हणाली, इथी पाय पसरले का भिंत लागते.

हिवाळा सरताना कोंबड्यांत रोग आला. आमच्याच नाही, सगळ्या वस्तीत. सकाळी कोंबडी मान वाकडी करून उभी राहायची, हिरवी हगायची आणि दुसऱ्या दिवशी पाय वर. लस टोचून घेऊ असं मीच आईला दोनदा सांगितलं होतं. सांगितलं होतं, आणून दिली नव्हती. बारा कोंबड्या आणि दोन कोंबडे होते. पाच दिवसांत एक कोंबडी उरली. तांबडी, मानेवर पिसं कमी असलेली, जरा भांडखोर. ती बाकीच्यांसोबत खुराड्यात झोपतच नव्हती, गोठ्याच्या माळ्यावर एकटी बसायची, म्हणून वाचली असावी. बाकीच्या आईनं बांधाजवळ खड्डा करून पुरल्या. मी रविवारी आले तेव्हा अंगण झाडलेलं होतं आणि त्याच्यावर एकही पाऊल नव्हतं.

त्या आठवड्यात दादाचा फोन आला तेव्हा आईचं नेहमीचं वाक्य अडलं. मग ती म्हणाली, एक हाय अजून. हिची पिल्लं निघाली तं मी इथीच राहीन, नाई निघाली तं येईन. दादानं मला वेगळा फोन करून विचारलं, ती खरंच असं म्हणाली का? मी म्हणाले, हो. तो म्हणाला, मग धुळवडीनंतर दोन दिवसांनी गाडी घेऊन येतो, बघू काय होते ते. तो वाईट नाही. त्याला रात्री झोप लागत नाही आई एकटी आहे म्हणून. पण मला माहीत होतं की तिसऱ्या मजल्यावर आईला सकाळी उठायला काही कारण राहणार नाही. त्यामुळे त्या एका कोंबडीवर माझाही जीव अडकला होता.

तांबडीनं अंडी घालायला सुरुवात केली. आई रोज एक अंडं उचलून कोंड्याच्या मडक्यात ठेवायची. अकरा झाली आणि कोंबडी खुडूक बसली. अंगावरची पिसं फुलवायची, हात जवळ नेला की गुरगुरायची, रिकाम्या टोपल्यातून हलायची नाही. आई खूश होती. मीच मधात विचारलं, कोंबडा तर मेला, मग ही अंडी भरलेली कशी असतील? तिथेच बसलेल्या शेजारच्या काकूचाही कोंबडा गेला होता. अख्ख्या ओळीत आरवणारं कोणी उरलं नव्हतं.

मग मीच तिला माझं ज्ञान सांगितलं. कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दहा-बारा दिवस जिवंत राहते, त्यामुळे पहिली काही अंडी भरलेली असतील, शेवटची नसतील. आई म्हणाली, "मेल्यावरबी बापाचं काम करून राह्यला बिचारा." काकू इतकी हसली की तिला ठसका लागला. पण याचा दुसरा अर्थ तिघींनाही समजला होता. ही अंडी गेली तर दुसरी खेप नव्हती.

मंगळवार आमच्याकडे बाजाराचा दिवस. त्या मंगळवारी कॉलेजला सुटी होती, म्हणून मी गावीच होते. बाजारातून आल्यावर आईनं टोपल्यात धानाची तणीस अंथरली, अंडी ठेवली आणि कोंबडी बसवली. काकूनं सांगितलं, विजा कडाडल्या तर अंडी बिघडतात, लोखंड ठेव. आम्ही बौद्ध, आई असल्या गोष्टी करत नाही. पण तिनं तुटलेल्या विळ्याचं पातं आणून तणसाखाली सारलं. मी पाहिलं तर म्हणाली, लोखंड हाय, देव थोडी हाय. आणि दिवस तिनं नेहमीसारखे मोजले. कोंबडी बाजाराच्या दिवशी बसवायची, मधात तीन बाजार गेले का पिल्लं. पहिल्या बाजारात अंड्यात लाल होते, दुसऱ्या बाजारात जीव भरतो, तिसऱ्या बाजाराला पिल्लू. हे तिला तिच्या आईनं शिकवलं आणि चाळीस वर्षांत कधी चुकलं नाही. माझ्या पुस्तकात एकवीस दिवस लिहिलेले. म्हणजे तेच. तरी तारीख मी मोबाइलात टिपून ठेवली.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. वहीच्या पुठ्ठ्याची नळी केली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि खोलीचं दार लोटून एकेक अंडं उजेडावर धरलं. सहा अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा होत्या आणि मधात एक लाल ठिपका. पाच अंडी आरपार स्वच्छ, काहीच नाही. माझा हिशेब बरोबर निघाला होता. आईला मी एक अंडं दाखवलं आणि म्हणाले, तो ठिपका हलतो ना, ते काळीज आहे. चाळीस वर्षं कोंबड्या पाळून तिनं अंड्याच्या आत पहिल्यांदा पाहिलं होतं. बराच वेळ ती डोळा नळीला लावून बसली. मग हळूच विचारलं, "त्याले आपण दिसतो काय?"

मी नाही म्हणाले, पण ते म्हणताना मला फार छान वाटत होतं. कॉलेजात आम्हाला कोंबडीच्या गर्भाच्या स्लाइड्स होत्या. चोवीस तासांचा गर्भ, तेहतीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर, शहाण्णव. मी त्या पेन्सिलनं काढून प्रॅक्टिकलच्या वहीत रंगवल्या होत्या आणि माझी वही वर्गात फिरायची. काळीज कुठल्या तासाला धडधडायला लागते, डोळा कधी दिसतो, सगळं पाठ. आईसमोर बसून ते सगळं मी मराठीत सांगितलं. काकूही येऊन बसली. दोघी ऐकत होत्या. शिकल्याचं सार्थक म्हणतात ते मला त्या दिवशी झालेलं दिसलं.

वांझ पाच अंडी काढून टाकू म्हणाले तर आईनं आधी ऐकलं नाही. मग काकू म्हणाली, पोरगी पाहून सांगते ना, अंदाजानं थोडी सांगते. तेव्हा तिनं काढली. दुसऱ्या रविवारी पुन्हा पाहिलं. सहाही अंडी आतून काळी भरली होती, एका बाजूला फक्त हवेची मोकळी जागा. एक तर माझ्या हातात हललं. आई म्हणाली, आता पुढं काय होते सांग. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की मला माहीत नाही. आमच्या अभ्यासक्रमात कोंबडीचं पिल्लू शहाण्णव तासांवर संपायचं. चार दिवस. त्यापुढचे सतरा दिवस परीक्षेला नव्हते. मी म्हणाले, पुढं वाढते मग. आई म्हणाली, हो, ते तं मलेबी माहीत हाय.

तिसऱ्या रविवारी मी आले ती धुळवडीपर्यंत राहायला आणि त्यापुढे दोन दिवसांची सुटी टाकून. दादा येणार होता. त्या दिवशी गावाजवळचा बाजार भरला होता. मंगळवारी धुळवड, दारू प्यायलेली पोरं, म्हणून बाजार दोन दिवस आधीच, रविवारी भरवला. मी आईसोबत जीपनं गेले. पिशवी माझ्याच हातात होती. तांदळाची कणकी घेतली, पिल्लांसाठी. आईनं ती घेताना कणकीवाल्याला उगाचच सांगितलं की कोंबडी बसली हाय.

घरी आल्यावर तिनं कोंबडी जराशी उचलून पाहिली. काही नव्हतं. अंडी तशीच. जेवताना ती म्हणाली, तीन बाजार झाले. मीही म्हणाले, हो ना. मी त्याच बाजारातून पिशवी वाहून आणली होती, बाजार का लवकर भरला हेही मला माहीत होतं, आणि तरी मी हो म्हणाले. मागच्या रविवारी माझं पुस्तक संपलं होतं, त्याच्यापुढे आईचं सुरू होत होतं, आणि त्यात काही तपासायचं असतं असं माझ्या मनातच आलं नाही. बसवल्याची तारीख माझ्या मोबाइलात होती. पाहिलं असतं तर एकोणीस दिवस निघाले असते.

सोमवारी सकाळी एका अंड्याला ज्वारीएवढं छिद्र पडलं होतं. आत चोच दिसत होती. कानाजवळ नेलं तर चिवचिव. आई अंगणभर सांगत फिरली. दुपारपर्यंत छिद्र तेवढंच राहिलं. चिवचिव कमी झाली. दुसऱ्या अंड्यालाही तडा गेला होता, पण पुढे काही नाही. आई येऊन बसायची, उठायची, पुन्हा येऊन बसायची. काकूनं सांगितलं, तिच्या माहेरी एकदा असंच झालं होतं, पिल्लं आतल्या आत दमून मेली. ते ऐकल्यावर आईचा चेहरा उतरला.

"कालच निघाले पायजे होते," ती म्हणाली. "वरचा दिवस झाला. आत गुदमरून जाईन ते. तू काढ न. तू शिकली त्याच्यातलं."

मला नाही म्हणता आलं असतं. पण त्या दोन अंड्यांकडे पाहून मलाही तेच वाटत होतं, आणि माझ्या बॅगेत कॉलेजचा डिसेक्शनचा डबा होता. तो मी अजून सोबत ठेवते, वर्गात लागतो. त्यातला चिमटा गरम पाण्यात धुतला. उजेड हवा म्हणून सहाही अंडी सुपात घेऊन ओसरीत बसले. कोंबडीनं माझा हात रक्ताळेपर्यंत टोचला. मी म्हटलं, थांब, तुझंच काम करते.

छिद्राच्या कडेनं कवच निघत होतं, सोपं होतं. कवचाखाली पांढरा पापुद्रा. तो चिमट्यानं धरून ओढला आणि त्यातून रक्त आलं. थेंबभर नाही, बोट ओलं होईल इतकं. त्या पापुद्र्यात रक्ताच्या नळ्या होत्या, भरलेल्या, वाहणाऱ्या. पहिल्या रविवारी मी आईला ज्या लाल रेषा दाखवल्या होत्या, त्याच मोठ्या झाल्या होत्या. मला ते कळायला हवं होतं. मी कापूस दाबला, थांबले, पुन्हा थोडं सोललं. पिल्लू बाहेर आलं तेव्हा त्याच्या पोटाला पिवळ्याची पिशवी लोंबत होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. त्यानं दोनदा चोच उघडली. माझ्या तळहातावर ते गरम होतं, आणि मग कमी गरम झालं.

मी म्हणाले, याला उशीर झाला होता, दुसरं तरी वाचवू. आईनं मान हलवली. दुसरं मी आणखी हळू सोललं. तेही तसंच गेलं. तिसऱ्या अंड्याकडे माझा हात गेला तेव्हा आईनं आपला पंजा सुपावर पालथा ठेवला आणि म्हणाली, राहू दे.

उरलेली चार अंडी परत टोपल्यात ठेवली. पण कोंबडी चिडली होती. ती जवळ यायची, टोपल्याभोवती फिरायची आणि निघून जायची. उन्हाची झळ ओसरीत येत होती. आईनं अंडी पदरात गुंडाळून मांडीवर घेतली आणि बसून राहिली. मी चिमटा धुतला. पुन्हा धुतला. सूर्य खाली गेल्यावर कोंबडी आपणहून येऊन बसली.

मंगळवारी मी ओसरीत चहा घेऊन बसले होते. मंगळवारी सकाळी आमच्या घरावरून बाजाराच्या जीपा जातात, टपावर माणसं बसलेली, भरभरून. त्या दिवशी एकही गेली नाही. रस्ता रिकामा. मी कप हातात धरून रस्त्याकडे पाहत राहिले आणि मला बाजार आठवला, मंगळवारचा बाजार, जो रविवारी होऊन गेला होता. बोटांवर मोजलं. मोबाइलात पाहिलं. एकविसावा दिवस आज होता. काल मी जी दोन काढली ती उशिरा नव्हती, लवकर होती. ती आत नुसती बसली होती, रक्त आणि पिवळं पोटात ओढून घेत, आणखी एक दिवस.

तेवढ्यात आतून आईनं हाक मारली. कोंबडीच्या पंखाखालून एक ओलं डोकं बाहेर आलं होतं. कोणी हात लावला नव्हता. कवच कडेनं गोल कापल्यासारखं फुटलं होतं.

मी तिला बाजाराचं सांगितलं नाही. काय सांगणार होते? माझ्या हातानं जिवंत पिल्लं मेली, एवढं सांगितलं असतं तर चाललं असतं. पण मी का हात घातला ते सांगायचं तर तिचा बाजार चुकला हे सांगावं लागलं असतं. दादा फोनवर हल्ली हेच म्हणायचा, की आईला आता आठवत नाही, गॅस चालू राहील, एखाद दिवशी पडेल. हे त्याच्या हातात आयतं गेलं असतं. आणि नाही सांगितलं तर ती म्हणत होतीच, कालपासून, भांडी घासताना, मीठ घालताना, "माह्या हाताले आता काई लागत नाई, काई जगत नाई." दोन्हीकडून ती गडचांदूरलाच जात होती.

बुधवारी कोंबडी त्या एकट्या पिल्लाला घेऊन टोपल्यातून उतरली आणि पुन्हा बसली नाही. उरलेली तीन अंडी गार पडली. आईनं गंजात कोमट पाणी घेऊन त्यात सोडली. आत जीव असला तर अंडं पाण्यावर डुलते. ती तिथे बसून होती, पाणी गार होईपर्यंत. एकही डुललं नाही.

गुरुवारी दादा गाडी घेऊन आला. घरात शिरताना त्यानं अंगणात पाहिलं, एक कोंबडी, एक पिल्लू. त्यानं पाणी मागितलं. आई तीन अंडी घेऊन घरामागच्या सांदवाडीत गेली, उकिरड्याजवळ. मी तिच्या मागे गेले. दादाही आला. तिनं एकेक अंडं दगडावर टेकवून फोडलं. पिल्लं पूर्ण झालेली होती, पिसं, नखं, सगळं. तिन्हींच्या पोटाबाहेर पिवळं होतं. ते काय सांगते हे मला वाचता येत होतं. ती सोमवारीच गेली होती, ओसरीत, सुपात. दादानं तोंड फिरवलं.

आई हात धुता धुता, माझ्याकडे न पाहता, हळू आवाजात म्हणाली, "बाजार आयतवारी भरला होता ना."

मी हो म्हणाले. तिच्या आवाजात नवल नव्हतं, म्हणजे तिला सोमवारी सांजेलाच समजलं होतं. मांडीवर अंडी घेऊन बसली होती तेव्हा. मला दोन पिल्लांचं पाप लागू नये म्हणून तिनं तीन दिवस तोंड उघडलं नव्हतं.

"माय, तारीख माझ्या मोबाइलात होती," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

"तुह्या मोबाइलात होती. माह्या डोक्यात असाले पायजे होती."

दादाला काही समजलं नव्हतं. त्यानं विचारलं, काय झालं? आई त्याला म्हणाली, "काई नाई बाबू. ज्या बाईले बाजार मोजता येत नाई, तिनं एकटं काऊन राहावं. चाल."

मला खूप बोलायचं होतं. की बाजार तू नाही चुकवला, बाजारवाल्यांनी हलवला. की एक पिल्लू तर आहे. की मी दर शनिवारी येईन, रोज येईन, येणंजाणं करीन. यातलं काही मी म्हणालेही. तिनं ऐकून घेतलं, जसं पहिल्या रविवारी काळजाचं ऐकून घेतलं होतं, आणि पेटीतून दोन लुगडी काढली. दादा माझ्याजवळ येऊन म्हणाला, आता रडू नको, ती स्वतःहून येऊन राह्यली. तो जिंकल्यासारखा अजिबात दिसत नव्हता. तिची पिशवी त्यानं दोनदा उचलली आणि दोनदा खाली ठेवली.

कोंबडी आणि पिल्लू काकूकडे दिलं. आईनं तिला कणकीची पिशवी दिली आणि सांगितलं, पहिले चार दिवस भिजवून दे. काकू म्हणाली, मले शिकवू नको, तुह्या आधी पाळल्या मी कोंबड्या. दोघी जराशा हसल्या.

मग घर बंद करायची वेळ आली आणि कुलूप सापडेना. आमच्या घराला कुलूप कधी लागलंच नव्हतं. कोणी ना कोणी असायचंच, आणि नसलं तर कोंबड्या असायच्या, कोण आलं-गेलं ते काकूला त्यांच्या आवाजावरून कळायचं. दादानं गाडीत शोधलं. शेवटी काकूनं आपल्या पोराच्या सायकलची साखळी आणून दिली. ती कडीतून दोनदा ओवली तरी सैल राहत होती, दार दोन बोटं उघडं. आई गाडीत बसून पाहत होती. म्हणाली, राहू दे तसंच, काय हाय आत. मी तिसऱ्यांदा ओवून पाहिली.